पुण्याचा गडी

कुठलीही वस्तू आधी स्वतःच्या अंगावर लावून पाहिल्याशिवाय विकत घ्यायची नाही, असा नेम पाळणारा माणूस साऱ्या बीड जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. लोक हेल्मेट घेताना रंग बघतात, काच बघतात. आमच्या साडूंनी ते दुकानातच डोक्यावर चढवलं, पिशवीतून घरून आणलेलं लाटणं काढून थोरल्या ताईंच्या, म्हणजे माझ्या मेहुणीच्या, हातात दिलं आणि म्हणाले, "हाण." ताईंनी संसाराची सव्वीस वर्षं डोळ्यांपुढे आणून हाणलं. साडू दोन मिनिटं खाली बसून राहिले, मग उठून दुकानदाराला शांतपणे म्हणाले, "हे न्हाई. दुसरं दाखवा." गच्चीवरची पाण्याची टाकी घेतली तेव्हा ते टाकीत उतरून बसले, वरून झाकण लावायला सांगितलं आणि आतून शंभरपर्यंत आकडे मोजले. त्यांना आवाज घुमतो का ते बघायचं होतं. त्याच वेळी दुकानात आलेलं एक गिऱ्हाईक मोजणी सत्तरच्या आसपास आली तेव्हा काही न घेता निघून गेलं.

त्यांचा मांजरसुंब्याच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून, पशुखाद्याचा कारखाना आहे. सरकीची पेंड, मक्याचा भरडा, कोंडा, मळी आणि खनिजं असं सगळं एकत्र होऊन त्याच्या गोळ्या पडतात आणि गोण्यांत भरल्या जातात. प्रत्येक घाण्याची पहिली मूठ साडू तोंडात टाकतात. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात पांढरा सदरा, डोळे मिटलेले, आणि तोंडात म्हशीचं खाद्य. सावकाश चावून झालं की निकाल येतो: "मीठ कमी हाय. म्हैस रुसंल." मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टरांनी गोड सोडायला सांगितलं. साडू प्रामाणिक माणूस. त्यांनी विचारलं, "साखर सोडली, गूळ सोडला. पण खाद्यात मळी असती, तिचं काय?" डॉक्टरांनी थोडा वेळ त्यांच्याकडे बघितलं आणि चिठ्ठीवर तिसऱ्या ओळीत लिहिलं, पशुखाद्य बंद. ती चिठ्ठी ताईंनी स्वयंपाकघरात चिकटवून ठेवली आहे. कारखान्यात जाऊन ते काय खातात, हे ताईंना माहीत नाही असं आम्ही सगळे धरून चालतो.

मी बीडला शाळेत विज्ञान शिकवतो. हवेचा दाब हा धडा मी वीस वर्षं शिकवत आलोय, एवढ्या एका कारणावरून साडूंनी मला या भानगडीत ओढलं. झालं असं की दरवर्षी दसरा उलटला की त्यांचे हमाल, जे बहुतेक शिरूर कासारकडचे, घरच्यांबरोबर ऊसतोडीला निघून जातात. गोण्या मात्र फिरत्या पट्ट्यावरून येतच राहतात. त्यांची थप्पी लावायला माणूस मिळत नाही. एका वर्षी साडूंनी स्वतः थप्पी लावली आणि पुढचे दोन महिने ते काटकोनात चालत होते. तेव्हा त्यांनी ठरवलं, गोण्या उचलून थप्पी लावणारा रोबो आणायचा.

रोबो त्यांनी एका दुपारात पसंत केला. तो अंगात घालून बघता येत नव्हता, त्यामुळे प्रश्नच नव्हता. पण रोबो म्हणजे नुसता खांद्यापासून मनगटापर्यंतचा हात असतो. त्याच्या मनगटाला पुढं काय लावायचं, ज्याला ग्रिपर म्हणतात तो कुठला घ्यायचा, हे ठरवायला त्यांना दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ लागला. "सर, हात काय, कुणालाबी असतो," ते मला म्हणाले. "तळवा बघून माणूस घ्यावा."

पहिल्यांदा एक प्रतिनिधी पोलादी पंजा घेऊन आला. गोण्यांसाठी सगळीकडे हाच चालतो, असं तो म्हणत होता आणि ते खरंही होतं. साडूंनी स्वतःचा दंड त्या पंजात दिला, हळू दाबायला लावला आणि सदऱ्याची बाही वर करून उमटलेले दात त्याला दाखवले. "दातानं उचललेली गोणी मी शेतकऱ्याला देणार न्हाई," ते म्हणाले. "कुत्र्यानं आणल्यावानी दिसंल ती." पंजा परत गेला. राहिला तो निर्वात ग्रिपर, म्हणजे हवा ओढून घेऊन वस्तूला चिकटणारा, रबरी कपांचा. दुसऱ्या एका प्रतिनिधीनं नमुना म्हणून असा एक कप आणि त्याला जोडलेला हातपंप साडूंकडे ठेवला. ती त्या बिचाऱ्याची चूक झाली.

पुढचा महिनाभर तो कप साडूंच्या खिशात होता. फ्रीजच्या दाराला लावला, चिकटला. ताईंच्या परातीला लावला, चिकटला, आणि कणकेसकट परात वर उचलून दाखवताना सुटला. भोपळ्याला चिकटला नाही. म्हशीला लावला तेव्हा तिनं माशी आल्यासारखं कातडं थरथरवलं आणि कप उडून गव्हाणीत पडला, तो तिनं चाटून स्वच्छ केला. शेवटी भाच्याच्या लग्नाच्या आदल्या दिवशी साडूंनी तो स्वतःच्या टकलाला लावला. लागला तो असा लागला की ताईंना तेल सोडून, उलथन्याची कड घालून काढावा लागला. दुसऱ्या दिवशी मांडवात भस्माच्या पट्ट्यांच्या वर एक लिंबाएवढा जांभळा गोल होता. वधूपक्षाकडचे एक वयस्कर पाहुणे अदबीनं पुढं आले आणि विचारू लागले, "कुणा महाराजांचा अनुग्रह घेतला का?" साडू म्हणाले, "न्हाई. रबर लई चांगलं हाय."

त्या लग्नाहून परतताना आम्ही धर्मापुरीला जुनं देऊळ बघायला थांबलो. मी शिल्पं बघत होतो. मागे वळून पाहिलं तर साडू भिंतीच्या एका साध्या दगडावर कप दाबून पंप मारत होते. कप गळून पडत होता. रखवालदार काठी टेकत आला.

"काय करायलाव?"

"श्वास बघतोय," साडू म्हणाले. "दगड श्वास घेतो तुमचा."

रखवालदारानं माझ्याकडे बघितलं. मी शिखरावरच्या पोपटाकडे बघितलं. गाडीत बसल्यावर मी त्यांना समजावून सांगितलं, की दगडात बारीक छिद्रं असतात, त्यांतून हवा आत येत राहते, म्हणून कप धरत नाही. आणि तुमच्या विणलेल्या प्लास्टिकच्या गोणीचंही तेच आहे, एकीकडून हवा ओढली की दुसरीकडून आत येते. साडूंनी खिशातला कप काढून हातात फिरवला. मग म्हणाले, "म्हंजी आपली गोणी देवळावानी हाय." ही गोष्ट त्यांना कमीपणाची वाटली की मोठेपणाची, ते मला आजही सांगता येणार नाही.

त्यानंतर स्पंजाचा ग्रिपर आला. जाडजूड स्पंज, त्याला शेकडो भोकं. पहिल्या चाळीसेक गोण्या त्यानं झकास उचलल्या. पण कारखान्यात कोंड्याची धूळ असते. ती त्या भोकांत जाऊन बसली आणि स्पंज गुदमरला. साडूंनी तो घरी नेऊन कपड्यांच्या मशीनमध्ये धुतला. ताई त्यानंतर चार दिवस माहेरी, म्हणजे माझ्याच सासरी, जाऊन राहिल्या होत्या. त्यांच्या सगळ्या साड्यांना मळीचा वास येत होता.

या सगळ्या काळात साडूंचं आणखी एक काम चालू होतं, जे मला उशिरा कळलं. दर दोन-तीन दिवसांनी ते कारखान्यातल्या आपल्या खोलीचं दार लोटून घेऊन कुणाला तरी फोन करायचे. एकदा मी समोरच बसलो होतो. फोन नानाला होता. नाना म्हणजे त्यांच्याकडचा सगळ्यात जुना हमाल. साडूंच्या वडिलांचं बीडला पेंडीचं दुकान होतं तेव्हापासूनचा. तरुणपणी या दोघांनी मिळून ट्रकच्या ट्रक भरलेले. आता नानाच्या अंगात ऊस तोडायचं बळ नाही, पण मुलगा-सून निघाले की नातवंडं आणि बैल सांभाळायला तोही जातो आणि उसाच्या फडाशेजारी कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहतो.

"नाना," साडू फोनवर सांगत होते, "एक नवा गडी ठेवावा म्हणतोय. त्याला गोणी कुठं धरायला सांगू?"

पलीकडून नानाचा आवाज मलाही ऐकू येत होता. "पोटाखाली धरू देऊ नका. गोणी वाकती मधी. चार कोपऱ्याला चार बोटं आत सरकून धराय सांगा."

"अन् उचलताना?"

"झटका द्यायचा न्हाई. आदी जरा वर, मंग थांबायचं, मंग चलायचं. गडी कुठला हाय?"

साडूंनी एकदा माझ्याकडे बघितलं. "पुण्याचा हाय," ते म्हणाले.

"पुण्याचा," नाना म्हणाला. "जेवणाचे लई नखरे असत्याल."

फोन ठेवल्यावर साडूंनी वहीत लिहिलं: चार कप, कोपऱ्यापासून चार बोटं आत; उचलताना झटका नको. पुढं ही वही जिच्या हाती पडली ती पुण्याहून आलेली तिसऱ्या कंपनीची इंजिनिअर होती. तिशीच्या आतबाहेरची, मोजकं बोलणारी बाई. तिनं वही वाचली आणि विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" साडू म्हणाले, "एक सल्लागार हाय." ती म्हणाली, "चांगला आहे." साडूंनी मान दुसरीकडे वळवली.

तिनं आणलेल्या ग्रिपरला मोठ्या तोंडाचे, रुंद मऊ ओठांचे कप होते आणि हवा ओढायला जोरदार ब्लोअर. थोडी हवा झिरपली तरी ब्लोअर तिला पुरून उरेल, असा हिशेब. रोबो अजून यायचा होता, म्हणून तिनं तो ग्रिपर छताच्या तुळईला साखळीनं टांगला, एक दांडा ओढला की चिकटेल आणि दुसरा ओढला की वर जाईल अशी सोय केली. दहापैकी आठ गोण्या उचलल्या. दोन घसरल्या. साडू खूश नव्हते.

"लाइट गेल्यावर काय?" त्यांनी विचारलं.

"थोडा वेळ धरून ठेवतो. तेवढ्यात रोबो खाली टेकवतो."

"थोडा म्हंजी किती?"

"गोणीवर अवलंबून आहे."

"मला उचलून दाखवा," साडू म्हणाले.

बाईंनी सरळ सांगितलं की या यंत्रानं माणूस उचलायचा नाही, नियमच आहे. साडूंनी मान डोलावली. फार समजूतदारपणे डोलावली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. बाई दीडच्या सुमाराला मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर जेवायला गेल्या आणि साडूंनी कोपऱ्यातून दोन मोठ्या रिकाम्या गोण्या आणल्या, त्यांत भोकं पाडून डोकं, हात आणि पाय घातले, कमरेला सुतळी बांधली आणि ग्रिपरखाली पालथे झोपले. खाली त्यांनी कोंड्याचा हातभर जाड थर अंथरून ठेवला होता. "दोनला लाइट जाती," ते जमिनीकडे तोंड करून म्हणाले. "पाच मिन्टं आदी उचला. लाइट गेली की मोठ्यानं मोजा."

मी नको म्हणालो. दोनदा म्हणालो. साडूंना नाही म्हणणं हे मला वीस वर्षांत जमलेलं नाही, त्या दिवशीही जमलं नाही. मी एकामागून एक दोन्ही दांडे ओढले. ब्लोअर घोंघावला, कप साडूंच्या पाठीला आणि मांड्यांना बसले आणि माझे साडू जमिनीपासून दोन हात वर उचलले गेले.

दोन वाजले. लाइट गेली नाही.

सव्वादोन झाले. साडू तसेच टांगलेले होते, हात खाली सोडलेले, चष्मा दोरीनं लोंबत असलेला. "रोज टायमावर जाती," ते म्हणाले. "आज काम हाय तर न्हाई. कुणाला काही पडलेलीच न्हाई." मी म्हणालो, खाली उतरवतो. ते नको म्हणाले.

"सर," ते खालच्या कोंड्याला उद्देशून म्हणाले, "नानाला काय सांगू?"

"कशाबद्दल?" मी विचारलं.

"पाडव्याला येईल त्यो. सगळं त्यानं सांगितलेलं हाय. कुठं धरायचं, कसं उचलायचं. त्याला वाटतंय, गडी शिकवतोय. अन् आमी काय करतोय, त्याच्याच तोंडून काढून घेऊन त्याच्याच जागंवर यंत्र बसवतोय. चार महिनं झाले, रोज ठरवतो सांगायचं म्हणून. हा कप नको, तो स्पंज नको, पंजा नको. मला काय कळत न्हाई व्हय कुठला चालंल ते? पण एकदा पसंत केला की सांगावं लागतंय."

त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. फक्त टक्कल दिसत होतं, तिथला गोल अजून पुरता गेलेला नव्हता. मी दांड्यावरचा हात तसाच ठेवून उभा होतो. इतक्यात दारात बाई आल्या. त्यांनी एकदा वर बघितलं, एकदा माझ्याकडे. त्या काही बोलणार तोच लाइट गेली.

"मोजा," साडू म्हणाले.

ब्लोअरचा आवाज उतरत गेला. मी मोजायला लागलो. आठपर्यंत काही झालं नाही. नवाला पायाकडचा एक कप सुटला, साडू तिरपे झाले, आणि अकराला उरलेल्या कपांनीही त्यांना सोडलं. कोंड्याचा मोठा ढग उठला. ढगातून आवाज आला, "किती?"

"अकरा."

"नाना सहा म्हणायच्या आत गोणी टेकवतो," साडू म्हणाले. "अकरा लई झाले."

बाई पुढं आल्या. त्या रागावतील असं मला वाटलं होतं. पण त्या साडूंकडे बघतच नव्हत्या, त्यांच्या अंगातली गोणी चिमटीत धरून बघत होत्या. "ही कुठली?" त्यांनी विचारलं.

"खनिजं येत्यात ह्यातून. बाहेरून. रिकामी पडली होती."

"हिला आतून थर आहे प्लास्टिकचा. हवा जात नाही. म्हणून तुम्ही लाइट गेल्यावरही अकरापर्यंत टिकलात." त्यांनी आमच्या नेहमीच्या गोणीकडे बोट दाखवलं. "तुमचा माल अशा गोणीत भरा. मग हा ग्रिपर दहापैकी दहा उचलेल. आणि परत यावर माणूस दिसला तर मी यंत्र घेऊन जाईन."

दिवाळीपासून तळवा शोधत होतो आणि खोट गोणीत होती, ती गोणी पहिल्या दिवसापासून कोपऱ्यात पडलेली होती. दुसऱ्या दिवशी साडूंनी ग्रिपर पक्का केला आणि थर असलेल्या गोण्याही मागवल्या.

पाडव्याच्या चार दिवस आधी रोबो सुरू झाला आणि पाडव्यानंतर दोन दिवसांनी नाना आला. साडूंनी मुद्दाम मला बोलावून घेतलं होतं. नाना उन्हात रापून आलेला, खांद्यावर टॉवेल, हातात नातवानं पाठवलेला गुळाचा खडा. दारातूनच त्यानं विचारलं, "कुठं हाय त्यो पुण्याचा गडी?"

साडूंनी यंत्राकडे हात केला. रोबोनं वाकून गोणी धरली, जरा वर उचलली, थांबला, मग वळला. नाना बघत राहिला. दहा गोण्या झाल्या, वीस झाल्या. तो एकदा या बाजूनं फिरून आला, एकदा त्या बाजूनं. साडू सदऱ्याची बाही कुरतडत होते.

"चार बोटं आत धरतोय," नाना म्हणाला.

"व्हय."

"झटका देत न्हाई."

"न्हाई."

"मला फोनवर सांगायला काय झालं होतं, मालक?"

साडू खाली सांडलेल्या गोळ्या वेचायला लागले. नाना थप्पीजवळ गेला, डोळ्यांच्या रेषेत धरून बघितलं आणि म्हणाला, "थर सारख्यावर सारखा लावायलाय. सांधा तोडत न्हाई. पाचव्या थराला बाहेर येतंय बघा." पाचव्या थराला थप्पी खरंच एका अंगाला झुकली. साडूंनी तिथल्या तिथं पुण्याला फोन लावला आणि नानाच्या हातात दिला. एक थर आडवा, एक उभा, मधली गोणी कशी फिरवायची, हे नाना त्या बाईंना सांगत होता आणि पलीकडून त्या "हं, हं" करत लिहून घेत होत्या. आज तो रोबो बीड जिल्ह्यात नानाची थप्पी लावतो. नानाला साडूंनी यंत्रापाशी खुर्ची दिली, यंत्र बंद-चालू करायचं बटण दिलं, आणि इथून पुढं वर्षभर इथंच राहा म्हणून सांगितलं. नाना उन्हाळा-पावसाळा त्या खुर्चीवर बसला. दसरा झाल्यावर मात्र मुलगा-सून निघाले तसा ती खुर्ची भिंतीला लावून तोही निघाला. नातवंडांना कोण बघणार, एवढंच म्हणाला.

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी मी सहज कारखान्यात गेलो. काम सुटायची वेळ होती. शेवटची गोणी पट्ट्यावर आली आणि साडूंनी यंत्र बंद केलं. मला वाटलं, काही बिघडलं. ते म्हणाले, नाना होता तोवर रोजची शेवटची गोणी आम्ही दोघं हातानं लावायचो, यंत्राला लावू द्यायचो नाही. "धरा की सर," ते म्हणाले.

मी आयुष्यात खडूपेक्षा जड काही उचललेलं नाही. दोघांनी मिळून ती गोणी छातीपर्यंत आणली, माझी बाजू खाली आली, साडूंचा श्वास फुलला, आणि कशीबशी ती थप्पीच्या टोकावर ढकलली. ती चांगली वीतभर वाकडी बसली. मी ती सरळ करायला हात पुढं केला, तेव्हा साडूंनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "नाना आल्यावर करील."